दौलतभाऊचा स्टीलचा डबा

बोंद्रेचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मुलाच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. बोंद्रे फोनवर कायम ओरडून बोलतो, जणू नागपूरहून पुण्यापर्यंत आवाज त्यालाच पोचवायचा आहे. त्या दिवशी तो हळू बोलला आणि त्यानं पुढचं सांगायच्या आधीच मला समजलं.

"विजूभाऊ, आपला दौलत गेला गा."

"करुणाले कळवलं?" मी विचारलं.

"सगळ्यात आधी तिलेच. तुले मंग केला फोन. येऊन राहिली ती. आमी थांबून आहो तिच्यासाठी."

माणूस गेल्याचं कळलं की लोक कसा गेला, काय झालं होतं, हे विचारतात. मी त्याच्या जर्मनीतल्या मुलीला कळवलं का, हे विचारलं, आणि बोंद्रेलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दौलत मेश्रामची शेवटची वर्षं या एकाच गोष्टीवर टांगलेली होती. मुलगी बोलेल का, भेटेल का, आपल्याला माफ करेल का. त्याला दुसरं काही नको होतं.

आम्ही तिघं वीज कंपनीच्या एकाच ऑफिसात होतो. मी हिशेबात, बोंद्रे तक्रारीच्या खिडकीवर आणि दौलतभाऊ स्टोअरला. ठेंगणा, रंगानं पक्का, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, आणि चालणं असं की याची गाडी सुटायला आली आहे. बरेचदा ती खरंच सुटायला आलेली असे. मात्र त्या गाडीत बसणारा दुसराच कोणीतरी असायचा.

नागपूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. देशाच्या चारी दिशांच्या गाड्या आमच्या स्टेशनातून जातात, त्यामुळे प्रत्येकाचा कोणी ना कोणी आमच्या गावावरून जात असतो. मावसभाऊ दिल्लीला निघाला, नणंद चेन्नईला निघाली, की घरात पोळ्या लाटल्या जातात आणि कोणीतरी डबा घेऊन गाडीवर जातं. गाडी उभी असते तेवढ्यात डबा द्यायचा, विचारपूस करायची, परत यायचं. बाकीचे हे नात्यातल्यांसाठी करतात. दौलतभाऊ कोणासाठीही करायचा. ऑफिसात कोणी सहज म्हणालं की आमचे साडू उद्या इकडून जाणार आहेत, की हा खुर्चीतून वर. "कोणत्या गाडीनं? बोगी कोणती?"

हे त्याच्या घरचं वळण होतं. त्याच्या लहानपणी दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावची माणसं यायची, तेव्हा त्याचे वडील स्टेशनवर उभे राहून भुकेली माणसं हेरून घरी घेऊन यायचे. अंगणात पंगती बसायच्या. वडील गेले, अंगण गेलं, फ्लॅट आला. दौलतभाऊच्या अंगातली ती खोड मात्र गेली नाही.

त्याची बायको सुमनवहिनी माहेरची पारशिवनीकडची. तिच्या हातच्या झुणक्याला तोड नव्हती. कोथिंबीर भरलेली तिची सांबारवडी तर विचारूच नका. आमचा एक कडक साहेब, ज्यानं दौलतभाऊला वर्षभर छळलं होतं, बदलून गेल्यावर एकदा आजारी बायकोला घेऊन नागपूरवरून निघाला होता, त्याच्याही गाडीवर हा डबा घेऊन हजर. आम्ही चिडलो. मी म्हटलं, "त्या माणसानं तुले एक दिवस सुखानं बसू नाही देलं, अन् त्याले तू सांबारवडी खाऊ घालतं?"

"त्याले नाही गा, त्याच्या बायकोले देली," तो म्हणाला. "तिनं मले काय केलं?"

डबा द्यायची त्याची एक रीत होती. खिडकीतून डबा सरकवून मोकळा होणारा माणूस तो नव्हे. तो गाडीत चढायचा. पाहुण्याच्या बाकावर ऐसपैस बसायचा, शेजारच्यांचीही चौकशी करायचा, डबा उघडून पहिला घास खायला लावायचा. बाहेर शिटी होते, गाडीला हिसका बसतो, पाहुणा घाबरतो आणि हा मात्र म्हणतो, "बसा हो, मी उतरतो ना." चालत्या गाडीतून उतरण्यात त्याचा हातखंडा होता. करुणा लहान असताना नेहमी बरोबर असायची, पाण्याची बाटली तिच्या हातात. गाडी हलली की आधी तिला खाली सोडायचा, मग स्वतः, आणि दोघं गाडीबरोबर थोडं पळायची, हात हलवत. माझा भाचा दिल्लीला परीक्षेला चालला होता तेव्हा मी हे सगळं जवळून पाहिलं. भाचा वरच्या बर्थवर घोरत होता. दौलतभाऊनं त्याला हलवून उठवलं, दोन पोळ्या खाऊ घातल्या, आणि करुणानं त्याला बजावलं, "पेपर पूर्ण सोडवजो, दादा." तेव्हा ती फ्रॉकमधली पोर होती.

आणखी एक. डबा नेहमी स्टीलचा. कागदात नाही, पिशवीत नाही, ती फेकून द्यायची प्लास्टिकची भांडी तर त्याला पाहवत नसत. प्रत्येक डब्याच्या झाकणावर टिंब टिंब करून कोरलेलं नाव: सुमन. वहिनी कुरकुर करायची. "माझ्या नावाचे डबे साऱ्या हिंदुस्थानात फिरून राहिले, अन् मी मात्र पारशिवनी ते नागपूर." दौलतभाऊ हसायचा. म्हणायचा, "फेकायच्या भांड्यात देलं तं माणूस खाते अन् विसरते. स्टीलचा असला की डबा परत द्यायले तरी माणूस येते."

आणि माणसं यायची. रिकामा डबा कोणी परत करत नाही, त्यामुळे कोणाच्या डब्यात पेठा, कोणाच्या डब्यात काजू, कोणाच्या डब्यात नुसती साखर. माझा भाचा नोकरीला लागला त्या वर्षी डबा घेऊन आला. त्या साहेबाच्या बायकोनंही डबा परत पाठवला, आत तिच्या हातचं लोणचं. दौलतभाऊनं ते लोणचं ऑफिसात सगळ्यांना वाटलं, साहेबाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना जरा जास्तच.

करुणा शिकायला जर्मनीला गेली तेव्हा वहिनीनं तिच्या बॅगेत असा एक डबा टाकला होता. पहिल्या सुटीत तिनं तो परत आणला, आत चॉकलेटं. दुसऱ्या वेळी तिच्यासोबत डबा गेला, तो तिकडेच राहिला. कारण मधल्या काळात सुमनवहिनी गेली.

ते कसं घडलं हे मी सांगू शकतो, कारण दवाखान्यात मी होतो. पोटाचं दुखणं म्हणून दाखल केलं आणि चार दिवसांत डॉक्टरांचा चेहरा बदलला. करुणाची शेवटची मोठी परीक्षा तोंडावर होती. वहिनीनं दौलतभाऊचा हात धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "पोरीले सांगायचं नाही. तिची परीक्षा होऊ द्या. मी बरी होतो तवापर्यंत. माझी शपथ आहे तुमाले." त्यानं मान हलवली. आपल्याकडे घरोघरी असंच करतात. परदेशातल्या लेकराला कशाला काळजी, म्हणून आजार लपवतात, आणि त्याला आपण माया म्हणतो.

वहिनी बरी झाली नाही. दुपारी गेली आणि संध्याकाळी करुणाचा व्हिडिओ कॉल आला. घरात माणसं जमलेली होती. दौलतभाऊ फोन घेऊन गच्चीवर गेला. मी जिन्यात होतो, मला ऐकू येत होतं. तो हसला. खरंच हसला. म्हणाला, "आई झोपली आहे वं. दमली आज. तू अभ्यास कर."

परीक्षा संपल्यावर त्यानं तिला सांगितलं. तोवर अस्थीसुद्धा नदीत शिरवून झाल्या होत्या.

तिनं एकच वाक्य विचारलं, "बाबा, आई झोपली आहे म्हणाले होते ना तुमी?" आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही. आली नाही. बोंद्रेची मुलगी मयूरी तिची शाळेपासूनची मैत्रीण, तिच्याकडून कळायचं की ठीक आहे, नोकरी लागली, घर बदललं. दौलतभाऊ निवृत्त झाला आणि रिकामा झाला. स्वतः पोळ्या लाटायला शिकला. आधी नकाशे, मग गोल. जेवायला बसला की फोन ताटाशेजारी, काच वर करून. रोज सकाळी एकदा लावायचा. रिंग वाजून वाजून बंद पडायची. मग म्हणायचा, "कामात असंन." वर्षानुवर्षं ती कामातच होती.

अशात बोंद्रेला खूळ लागलं. कोणा पोराटोरांचे व्हिडिओ पाहून त्यानं ठरवलं की आपण पाठीवर सॅक टाकून युरोप फिरायचा, रेल्वेनं, पास काढून, तरुणांसारखं. टूरवाल्यांच्या टोपीखाली नाही. मी म्हटलं, आपले गुडघे पाहिलेस का? दौलतभाऊ ऐकत बसला होता. त्यानं बोंद्रेच्या मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही गाडी तिच्या गावावरून जाते का गा?"

जात होती. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

मग काय, बर्डीच्या बाजारात जाऊन तीन सॅक घेतल्या. दुकानदारानं आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नातवासाठी का काका?" बोंद्रेच्या सॅकमध्ये गोळ्या आणि चार्जर. माझ्यात स्वेटर. दौलतभाऊच्या सॅकमध्ये बेसन, कणीक, तिखट, छोटा तवा, लाटणं, आणि अगदी मधोमध, टॉवेलात गुंडाळलेला, सुमन कोरलेला डबा.

"हे स्वयंपाकघर कुठी चाललं?" बोंद्रेनं विचारलं.

"पोरगी गाडीवर आली तं रिकाम्या हातानं भेटू?"

ती गाडीवर येणार असं कोणी म्हटलं नव्हतं. तिला तर कळवलंही नव्हतं.

परदेशातल्या गाड्या दौलतभाऊला मानवल्या नाहीत. काचा स्वच्छ, बाहेर डोंगर, नद्या, लाल कौलांची घरं. बोंद्रे दर दोन मिनिटांनी फोटो काढायचा. हा मात्र बाहेरचं काही पाहायचा नाही. स्टेशन आलं की पाहायचा. प्लॅटफॉर्मवर माणसं यायची, आपापल्या दारातून चढायची, कोणी रडत नाही, कोणी हात हलवत नाही. "इथं कोणी कोणाले सोडायले येत नाही का गा?" तो विचारायचा. आणि गाडी निघायची. शिटी नाही, हिसका नाही. दारं आपोआप मिटायची आणि आपण चाललोय हे बाहेरचे खांब हलू लागल्यावर कळायचं. "न सांगता निघते," तो म्हणायचा. या गोष्टीनं तो मनातून फार अस्वस्थ व्हायचा.

व्हिएन्नाला पोचल्यावर त्यानं मयूरीकडून निरोप पाठवला की आम्ही आलो आहोत, येऊ का? उत्तर आलं, घरी नको. दिवसभर तो बाकावर बसून राहिला. आम्ही राजवाडा पाहून आलो तरी तिथंच. मग त्यानं दुसरा निरोप धाडला. घरी नाही येत. आमची गाडी तुझ्या गावावरून जाते. तू फक्त गाडीवर ये, डबा घेऊन जा.

प्रागला पोचेपर्यंत उत्तर नव्हतं. तो रस्त्यानं चालताना मध्येच थांबायचा, फोन पाहायचा, पुन्हा चालायचा. त्याचे हाल पाहवत नव्हते. बोंद्रेला तर त्याला परत नागपूरला घेऊन जावं असं वाटायला लागलं. शेवटी मयूरीचा मेसेज आला: येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात त्यानं बेसनाला फोडणी दिली. मिरचीचा ठसका छतावरच्या, धूर हुंगणाऱ्या पांढऱ्या वाटीला लागला आणि अख्ख्या इमारतीत भोंगा सुरू झाला. पोरंपोरी अर्ध्या कपड्यांत रस्त्यावर. आम्ही खाली आलो, मोजलं तर दौलतभाऊ नाही. बोंद्रे जिने चढून परत वर गेला. हा शेगडीसमोर उभा, डोळ्यांतून पाणी, एका हातानं तवा धरलेला.

"चाल बे, आग लागली समजून राहिले लोक!"

"ही एवढी पोळी होऊ दे. तिच्यापुरत्या चारच आहेत. ही झाली की आलो."

काउंटरवरच्या बाईनं आम्हाला झाप झाप झापलं. आम्ही माना खाली घालून ऐकून घेतलं. दौलतभाऊनं डबा पोटाशी धरला होता.

तिचं गाव येणार म्हणून तो कितीतरी आधी उठून दारात जाऊन उभा राहिला. आम्ही त्याच्या मागे. गाडी थांबली, दार उघडलं. ती समोरच होती. बोगीचा नंबर आम्ही कळवला होता. केस कापलेले, अंगात लांब कोट, आणि चेहरा वहिनीचा. हुबेहूब.

तो दारात, ती खाली. ज्या माणसानं हजारो अनोळखी लोकांशी प्लॅटफॉर्मवर गप्पा मारल्या, त्यानं नुसता डबा पुढे केला. तिनं झाकणावरचं नाव पाहिलं. आणि मग तिनं जे केलं ते दुसऱ्या कोणत्याही गावच्या मुलीनं केलं नसतं. ती गाडीत चढली.

लहानपणची सवय. डबा घ्यायचा-द्यायचा म्हणजे आत यायचं, बसायचं, शिटी झाली की उतरायचं. ती बाकापर्यंत आली, तोही आला, दोघं समोरासमोर बसली. आणि शिटी झालीच नाही. दार मिटलं. बाहेरचे खांब हलायला लागले.

करुणा ताडकन उठली, दाराकडे धावली, बटण दाबत राहिली. दार ढिम्म. बोंद्रे ओढायला साखळी शोधत होता. दौलतभाऊ वेड्यासारखा दाराच्या कडेत बोटं घालत होता, "उतरवतो मी तुले, थांब, उतरवतो." तिथल्या तिकीट तपासनिसानं तिला शांतपणे समजावलं. पुढचं स्टेशन पाऊण तासावर.

ती परत येऊन बसली. ऑफिसात काहीतरी कळवलं. मग खिडकीतून बाहेर पाहत राहिली. दौलतभाऊ तिच्याकडे पाहत राहिला, डोळे मिटायलाही तयार नाही. इतक्या वर्षांनी मुलगी हाताच्या अंतरावर बसली होती, आणि तीही चुकून.

"बारीक झाली वं तू," तो शेवटी म्हणाला.

तिनं मान वळवली. "बाबा, त्या दिवशी तुमी हसले होते. मले अजून दिसते तो चेहरा. आई घरात तशी पडली होती अन् तुमी हसून बोलले माझ्याशी. कसं जमलं तुमाले?"

तो शर्टाची दुमडलेली बाही खाली ओढू लागला.

"मी आली असती. परीक्षा पुढच्या वर्षी देली असती. माझी आई होती ती. तिनं मले विचारलं असंन शेवटी. विचारलं का तिनं? काय सांगतलं तुमी तिले? पोरगी कामात आहे म्हणून?"

तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बोंद्रेला हे सहन झालं नाही. तो मध्ये पडला.

"करुणा, ऐक. तुझ्या बाबाचा काही दोष नाही. तुझ्या आईनंच शपथ घातली होती, पोरीले सांगू नका म्हणून. हा विजूभाऊ तिथं उभा होता. विचार त्याले."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. बापाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं होतं. "खरं आहे, बाबा?"

एक 'हो' म्हणायचा होता. त्याच्यासाठी तर तो सात समुद्र ओलांडून आला होता.

"नाही," दौलतभाऊ म्हणाला. "बोंद्रे उगीच बोलून राहिला. तुझी आई शेवटपर्यंत म्हणत होती, करुणाले बोलवा. मीच नाही बोलवलं."

बोंद्रेनं तोंड उघडलं. दौलतभाऊनं त्याच्या मांडीवर हात दाबला, असा की बोंद्रेला नंतर वळ दिसला. करुणा हळूहळू मागे टेकली.

स्टेशन जवळ आलं तेव्हा तिनं डबा उघडला. झुणक्याचा वास सुटला. तिनं आपल्या बॅगेतून स्वतःचा प्लास्टिकचा डबा काढला, त्यात पोळ्या घडी घालून ठेवल्या, झुणका सगळा काढून घेतला, कडेला लागलेलाही. मग कागदी रुमालानं स्टीलचा डबा आतून पुसला, झाकण लावलं आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"डबा घेऊन जा बाबा," ती म्हणाली.

डबा ठेवून घेतला की परत द्यायला यावं लागतं, हा त्याच्या घरचा नियम तिला माहीत होता. आम्हालाही माहीत होता. ती उतरली. तो दारात उभा राहिला. दार मिटलं, काचेपलीकडे ती दिसत होती, आणि गाडी न सांगता निघाली.

पुढच्या गावी, संध्याकाळी, नदीच्या पुलावर बसलो असताना बोंद्रेचा बांध फुटला. शिव्या घालूनच बोलला तो. "काहून नाही म्हटलं बे तू? संपलं असतं ना सगळं!"

दौलतभाऊ पाण्याकडे पाहत होता. "आई मेली तिची. मेलेल्या माणसावर राग धरून पोरगी कुठी जाईन? कोणाशी भांडीन? मी जिता आहो. माझ्यावर राग धरता येते, शिव्या देता येते." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण खाईन ती. सगळा काढून घेतला. झुणका तिले पहिल्यापासून आवडते."

प्रवास अजून बराच उरला होता. आम्ही तो पुरा केला. तीन म्हातारे, पाठीवर सॅक, गाडीतून गाडीत. कोणतं गाव कसं होतं मला काही आठवत नाही.

बोंद्रेच्या त्या फोननंतर करुणा आली तेव्हा आम्ही सगळे दौलतभाऊच्या घरीच होतो. मीही पुण्याहून पोचलो होतो. तिच्या आणि त्याच्या मधलं जे झालं ते पाहायला मी त्या खोलीत थांबलो नाही. बुद्धवंदना झाली, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी होती, मला आत बोलावलं.

"काका, गाडीत बोंद्रेकाका बोलले होते. खरं होतं का ते?"

ज्याच्यावर राग धरता यावा म्हणून तो खोटं बोलला, तो बापच आता नव्हता. मी म्हटलं, "हो."

ती खाली बसली, फरशीवर, भांड्यांच्या मांडणीसमोर. रडली नाही. बऱ्याच वेळानं तिनं वर पाहिलं. मांडणीवर सुमन कोरलेले डबे एकावर एक रचलेले होते, तिनं गाडीत परत केलेलाही त्यात. ओळच्या ओळ, घासून लख्ख.

"माझ्याकडचा सोडला तं सगळे डबे घरीच कसे, काका?" तिनं विचारलं. "एक ना एक बाहेर राहायचा नेहमी."

मला कारण माहीत होतं. मी सांगितलं नाही.

युरोपहून परतल्यावर मी नागपूर कायमचं सोडलं त्या दिवशी दौलतभाऊ स्टेशनवर आला होता. मी दारात उभा होतो, आता हा चढेल, बसेल, पहिला घास खायला लावेल, म्हणून बायकोनं बाकावर जागासुद्धा केली होती. तो चढला नाही. खालूनच हात वर केला. हातात पातळ, पांढरं, झाकणाचं भांडं होतं, हॉटेलवाले देतात तसलं, वर रबर लावलेलं. आत पोळ्या आणि झुणका होता. अजून गरम होता.

मी त्या भांड्याकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. तो माझ्याकडे पाहत नव्हता, इंजिनाच्या बाजूला पाहत होता.

"परत आणाची गरज नाही गा," तो म्हणाला. "खाऊन फेकून देजो."

शिटी झाली, हिसका बसला, गाडी हलली. मी वाट पाहत होतो, पण तो गाडीबरोबर चालला नाही. जिथं होता तिथंच उभा राहिला.